फाटके दिसणारे वस्त्र

चित्रकार साल्वादोर दाली आणि पॅरिसमधील वेशकार एल्सा स्कियापारेली यांनी 1938 साली एक झगा सिद्ध केला. कापडाची नक्षी दालींची, बेत स्कियापारेलींचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो जपलेला आहे. झगाभर चिरा दिसतात, जणू कातडे सोलून मांस उघडे पडले आहे. पण त्या नुसत्या छापलेल्या. खरी कापाकापी आहे ती सोबतच्या शिरोवस्त्रावर, आणि तीही मोठ्या निगुतीने केलेली. त्याच सुमारास दालींच्या स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. तेथे वस्त्रे आणि देह खरोखरच फाटत होते.

मग श्रीमंतांच्या मेजवानीसाठी चिंध्यांचे सोंग आणणे नीतीला धरून आहे काय? केवळ थिल्लरपणा म्हणून हात झटकणे आम्हांस पटत नाही. जेथे दुःखाला दाराशीच अडवले जाते, तेथे ते झगा होऊन आत शिरले. तथापि जखमेची नक्षी झाली की डोळा रंगावरच खिळतो, ही अडचण उरतेच. आम्ही तरी क्रूस सोन्यात घडवून गळ्यात मिरवतोच की!

योहानाच्या शुभवर्तमानात सैनिक प्रभूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडत नाहीत, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. वस्त्राची पारख त्यांना होती. ते ज्याच्या अंगावरून उतरवले, तो वर टांगलेला होता.