लाल दिवा, डावे वळण आणि देशाचार

लाल दिवा लागलेला असताना डावीकडे वळावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर चौकागणिक बदलते. बारामतीहून इंदापूरमार्गे पुणे–सोलापूर महामार्गाला लागून हैदराबादकडे निघालेला ट्रक महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणा या तीन राज्यांतून जातो. चालकाचा परवाना सगळीकडे तोच, १९८८ चा मोटार वाहन कायदाही तोच, आणि वाहतूक चिन्हे पाळण्याचे बंधन घालणारे त्याचे कलम ११९ ही तेच. तरीही कुठे डाव्या वळणासाठी वेगळी पाटी किंवा हिरवा बाण असतो, कुठे काहीच नसते, आणि जिथे काही नसते तिथे ‘डावी बाजू नेहमी मोकळीच’ ही समजूत पाटीची जागा घेते. एकच कर्म एका ठिकाणी दोषास्पद आणि दुसऱ्या ठिकाणी निर्दोष कसे ठरते, हा पेच धर्मशास्त्राला जुनाच आहे.

बौधायन धर्मसूत्रात दक्षिण आणि उत्तर या दोन्हीकडच्या पाच-पाच वादग्रस्त आचारांची नोंद आहे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेकडचा एक, तर समुद्रप्रवास हा उत्तरेकडचा. ज्या प्रदेशाचा जो आचार, तो तिथे प्रमाण, आणि इकडचा आचार तिकडे केल्यास दोष, असे हे मत आहे. बारामती-इंदापूर परिसरातल्या कित्येक घरांत मामाची मुलगी सून म्हणून येणे आजही रीतीचेच मानले जाते, त्यामुळे हे उदाहरण इथल्या वाचकाला पोथीतले वाटणार नाही. गौतमाला मात्र ही प्रादेशिक सवलत मान्य नाही, हेही बौधायनानेच नोंदवले आहे.

मीमांसा, म्हणजे विधिवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, याहून कठोर आहे. जैमिनीच्या सूत्रांतील होलाकाधिकरणात, म्हणजे पूर्वेकडच्या लोकांच्या होलाका उत्सवावरून उभ्या राहिलेल्या चर्चेत, असा निर्णय आहे की आचारामागे खरा विधी असेल तर तो एका प्रदेशापुरता असू शकत नाही, तो सर्वांनाच लागू होतो. त्याआधीची दोन अधिकरणे डाव्या वळणाला अधिक झोंबणारी आहेत. रूढीमागे एखादे न सापडलेले मूळ वचन असावे असे अनुमान करता येते, पण प्रत्यक्ष वचनाशी विरोध आला की ते अनुमान गळून पडते. आणि ज्या रूढीमागे लोभासारखा ऐहिक हेतू स्पष्ट दिसतो, तिला प्रमाण मानण्याचे कारणच उरत नाही. पाटी नसलेल्या चौकातील ‘मोकळी डावी’ या दोन्ही कसोट्यांवर नापास होते, कारण समोर लाल दिवा प्रत्यक्ष जळत असतो आणि वळणाऱ्याचा हेतू मिनिटभर वाचवण्याचा असतो.

परंतु हेतू दिसला की नियम बाद, हा निकष लौकिक कायद्याला जसाच्या तसा लावता येत नाही. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून आपल्या डाव्या वळणाच्या जागी तिथे उजवे वळण येते. लाल दिव्यावर थांबून ते घेण्याची मुभा तिथल्या राज्यांत सर्वदूर पसरली ती १९७० च्या दशकातील तेलटंचाईत, निव्वळ इंधन वाचवण्यासाठी, आणि न्यूयॉर्क शहराने ती तरीही नाकारली. पूर्व जर्मनीने १९७८ मध्ये आणलेली हिरव्या बाणाची पाटी राज्य बुडाल्यावरही टिकली आणि १९९४ पासून एकत्रित जर्मनीच्या नियमांत आली. हे सगळे उघडउघड सोयीचे नियम आहेत आणि तरी बंधनकारक आहेत, कारण रस्ता ओलांडणाऱ्याने त्यांच्यावर विसंबून पाऊल टाकलेले असते. इथे बौधायन जैमिनीपेक्षा जवळचा वाटतो, मात्र प्रामाण्य प्रदेशाचे नसून त्या विसंबण्याचे आहे. गळीत हंगामात दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर डावीकडे वळताना मागचा ट्रेलर कोपरा कापून आत येतो. तिथे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला ट्रॅक्टर कोणत्या गावच्या रीतीने वळतो आहे हे कळण्याचा मार्ग नसतो, त्याला फक्त दिवा दिसतो. उलट आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत जाते तेव्हा रस्ता पालखीचा आहे हे सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून त्या दिवशी दिव्याकडे न पाहण्यात कोणाची फसवणूक होत नाही.

मध्यरात्रीच्या रिकाम्या चौकाचे काय, हा आक्षेप उरतो. याज्ञवल्क्यस्मृतीने धर्माच्या मुळांत ‘स्वतःला प्रिय ते’ हेही गणले आहे. पण याच महामार्गापासून फारशा दूर नसलेल्या कल्याणीत, चालुक्यांच्या राजधानीत, या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्याला कुंपण घातले: शास्त्रानेच दोन पर्याय दिले असतील तिथेच स्वतःची आवड चालते. म्हणजे रिकामा चौक पर्याय देत नाही, पाटी देते. आणि पाटी देते ती मुभा, आज्ञा नव्हे. म्हणून मोकळ्या डाव्या वळणावरही पादचाऱ्यासाठी थांबून राहिलेल्या गाडीमागे हॉर्न वाजवत बसणाऱ्याच्या बाजूने बौधायन, जैमिनी किंवा विज्ञानेश्वर यांपैकी एकही उभा करता येत नाही.