चरीचा संप आणि फायद्याचा हिशेब

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. पंचवीस गावांतील हा संप १९३९ पर्यंत चालला. तो इतकी वर्षे टिकला कसा, हा तर्कशास्त्रालाही अडवणारा प्रश्न आहे.

एकेका कुळाचा हिशेब मांडून पाहावा. बाकीचे ठाम राहिले, तर एकट्याने नांगर धरल्याने संप मोडत नाही. घरात भात येते आणि पुढे मिळणारा हक्कही सर्वांबरोबर मिळतोच. बाकीचे फुटले, तर एकट्याने उपाशी राहून काही साधत नाही. म्हणजे इतर कसेही वागोत, नांगर धरणेच फायद्याचे. युक्तिवादात कुठेही चूक नाही, पण प्रत्येकाने तो मानला तर संप पहिल्याच पावसाळ्यात मोडतो आणि सगळेच पुन्हा खोताच्या दारात उभे राहतात. १९५० मध्ये अमेरिकेच्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी अभ्यासलेला 'कैद्यांचा पेच' तो हाच.

गेम थिअरीचे नेहमीचे उत्तर असे, की डाव एकदाच नसतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांच्या संगणकीय स्पर्धांत ॲनातोल रापोपोर्ट यांची 'जशास तसे' ही साधी चाल सरस ठरली. चरीच्या परिसरातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारेपाटातल्या, शेतकऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. खाडीचा बांध राखण्यासाठी तिथे जोळ, म्हणजे सर्वांनी मिळून श्रम करण्याची रीत, असे. बांधाला खांड पडली की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरे, म्हणून माती टाकायला सगळ्यांनी जायचे. आज न येणाऱ्याला उद्या याच शेजाऱ्यांची गरज लागणार होती.

पण बांधाचे फळ त्याच वर्षीच्या पिकात दिसते. संपाचे फळ कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लाकूडफाटा विकून, खाडीत मासे धरून दिवस काढणाऱ्यांच्या निष्ठेला दूरदर्शी स्वार्थ म्हणणे अपुरे आहे. अमर्त्य सेन यांनी १९७७ च्या निबंधात नफ्यातोट्याच्या तराजूबाहेरच्या बांधिलकीला स्वतंत्र स्थान दिले. चरी समजायला तीच कल्पना अधिक उपयोगी पडते. दिलेला शब्द पाळायचा हे एकदा ठरले की पेचाचे रूपच पालटते. 'फुटण्यात माझा फायदा किती' हा प्रश्न मागे पडतो आणि 'बाकीचे टिकतील ना' एवढाच उरतो. त्याचे उत्तर सभांतून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून मिळू शकते. नेतृत्वाचे खरे काम तिथे होते.

डॉ. आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कूळकायदा झाला, खोती मात्र १९४९ च्या कायद्याने गेली. या कायद्यांचा लाभ एक दिवसही संप न केलेल्या गावांतील कुळांनाही मिळाला.