पडदा कोठून मोजावा?

बाजारात अधिक सुबक वस्तू तयार मिळत असता माणसाने ती आपल्या हाताने घडवावी, यात नैतिक असे काही आहे काय? दिवसभर कार्यालयात मान मोडून काम केलेला माणूस रात्री पुन्हा करवत घेऊन बसतो, तेव्हा त्याला छंद म्हणावे, हट्ट म्हणावे, की त्या कृतीला आणखी काही नाव आहे? हा प्रश्न गेली दोन वर्षे माझ्या मनात घोळत आहे. त्याचे जे उत्तर मला सापडले ते मला फारसे सुखकर वाटले नाही. म्हणूनच ते लिहून काढावेसे वाटते.

मी मूळचा मिरजेचा. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहे, आणि सरकारी निवासस्थानाच्या मागील गॅलरीत माझा लहानसा कारखाना आहे. मूळची शस्त्रांना धार देणारी शिकलगारांची घराणी तंबोरे आणि सतारी घडवू लागली, त्या गावचा माणूस विजेवर वाजणारी गिटार करतो म्हणून स्नेहीमंडळी माझी थट्टा करतात. थट्टा रास्तच आहे. परंतु तंबोऱ्याला लागणारा भोपळा पारखण्याचे ज्ञान मला नाही. विजेच्या गिटारीला पोकळ भोपळा लागत नाही, भरीव फळी चालते. पोलादी तार लोहचुंबकावर कंप पावते, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेत त्या कंपाने वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक तिचा नाद करतो. आमच्या मिरजेच्या घराच्या मोडक्या दाराची सागवानी फळी मजपाशी होतीच. तिच्यापासून आरंभ केला.

या मार्गावर मला आणणारी एक जुनी हकीकत आहे. १९६३ साली इंग्लंडात ब्रायन मे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या वडिलांच्या साहाय्याने घरीच एक गिटार करावयास घेतली, कारण दुकानातली चांगली गिटार त्या घराला परवडणारी नव्हती. वडील हॅरल्ड मे हे ब्रिटिश सरकारच्या हवाई मंत्रालयात ड्राफ्ट्समन, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच सरकारी नोकर. गिटारीची मान त्यांनी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनीच्या लाकडातून काढली. त्याला वाळवीसारख्या किड्याने पाडलेली छिद्रे आगकाडीच्या तुकड्यांनी बुजविली. अंगात जुन्या टेबलाचे ओक लाकूड बसविले. तारांना हेलकावा देणाऱ्या यंत्रणेसाठी १९२८ सालच्या एका मोटारसायकलीच्या स्प्रिंगा घेतल्या आणि पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतली शिंपल्याची बटणे. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे हा मुलगा 'क्वीन' या वाद्यवृंदाचा वादक म्हणून जगप्रसिद्ध झाला. याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. २००२ साली राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर ब्रायन मे यांनी राष्ट्रगीत वाजविले, ते त्याच गिटारीवर.

ही हकीकत सांगताना लोक सामान्यतः स्वावलंबनाचे गोडवे गाऊन थांबतात. मला मात्र तिच्यातील एक लहानसा पराभव अधिक मोलाचा वाटतो. त्या बापलेकांनी चुंबकाची वेटोळीही स्वतःच गुंडाळली होती. ती वाजली; परंतु तार बोटाने बाजूला ओढताच स्वरात एक विचित्र दोष उमटे. तेव्हा ब्रायनने ती काढून टाकली आणि बर्न्स या कंपनीची तयार वेटोळी विकत आणून बसविली. स्वतः केले हा अभिमान त्याने स्वराच्या आड येऊ दिला नाही. याचा अर्थ असा की, हस्तनिर्मितीचे मोल 'हे मी केले' या उद्गारात नाही. ते असलेच तर 'हे माझे चुकले' या उद्गारात असले पाहिजे.

हे माझ्या ध्यानी येण्यास माझी स्वतःची चूक कारणीभूत झाली.

सतारीचे पडदे बांधलेले असतात. स्वर उतरला-चढला तर ते सरकविता येतात. गिटारीचे पडदे लाकडात करवतीने चीर पाडून ठोकून बसवावे लागतात, आणि एकदा बसले की बसले. त्यांचे गणित सरळ आहे. तारा जेथून सुटतात त्या मेरूपासून घोडीपर्यंतची लांबी माझ्या गिटारीत ६४७.७ मिलीमीटर होती. तिला १७.८१७ ने भागले की पहिला पडदा येतो, ३६.३५ मिलीमीटरांवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागावे, म्हणजे दुसरा. असे करीत बारावा पडदा बरोबर निम्म्या लांबीवर येतो आणि एक सप्तक पुरे होते. मी प्रत्येक अंतर काढून ते मागच्या पडद्यापासून मोजले. दोष त्यातच होता. करवतीची चीर सुमारे ०.६ मिलीमीटर रुंद असते. तिच्या मध्यापासून मोजण्याऐवजी मी पुढच्या कडेपासून मोजीत गेलो. म्हणजे दर पडद्यामागे ०.३ मिलीमीटरची भर पडत गेली. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. परंतु बाराव्या पडद्याशी येईतो तो तीन मिलीमीटरांहून अधिक झाला होता, आणि तेथला स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाने चढलेला होता. प्रत्येक पडदा आपल्या मागच्या पडद्याशी प्रामाणिक होता. तरीही सबंध पट्टी खोटी होती.

जाणकार गिटारकर्ता म्हणेल की सर्व मापे मेरूपासूनच घ्यावयाची असतात, हा तर पहिला धडा. खरे आहे. तो मी पट्टी बिघडविल्यावर शिकलो. मग मनात एक युक्ती आली. घोडी सहा-सात मिलीमीटर मागे सरकविली की बारावा पडदा जुळतो. मी सरकविली, आणि तो जुळलाही. खालचे पडदेही बव्हंशी कानाला बरे लागू लागले. फक्त विसाव्या पडद्यापुढे स्वर पुन्हा चढे.

पत्नी म्हणाली, "अहो, तिथवर तुमचं बोट तरी जातं का? आणि ऐकणाऱ्याला काय कळणार आहे?"

"कळणार नाही," मी म्हणालो, आणि दिवा मालवून झोपावयास गेलो. झोप मात्र लागली नाही. कारण हे वाक्य मी पूर्वी कोठे ऐकले होते ते मला आठवले.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कार्यालयात असताना एका निवृत्त शिपायाचे प्रकरण माझ्या मेजावर आले होते. वैद्यकीय दाखल्यावर घेतलेली त्याची बिनपगारी रजा अर्हताकारी सेवेत धरावयास हवी होती. ती वजा झाली होती, आणि त्यामुळे त्याची ग्रॅच्युइटी कमी भरत होती. चूक मी केलेली नव्हती. ती बऱ्याच आधीच्या एका टिपणीत होती. तिच्या पुढच्याने ती आधार म्हणून घेतली, त्याच्या पुढच्याने त्याची, आणि मी 'मागील पृष्ठावरील टिपणीनुसार' असे लिहून स्वाक्षरी केली. सेवापुस्तक बाजूलाच होते. ते मी उघडले नाही. शिपाई दोनदा चौकशीस आला, आणि दोन्ही वेळा हिशेब बरोबर असल्याचे मी त्याला सांगितले. पुढे चूक उघडकीस आली, रक्कमही त्याला मिळाली. पण ती वर्षभर उशिरा. दोष कोणाचा, असा प्रश्न निघाला तेव्हा कागदावर सहा स्वाक्षऱ्या होत्या आणि दोषी एकही नव्हता. माझा एक सहकारी तेव्हा म्हणाला होता, "कोणाला काय कळणार आहे?" मला हायसे वाटले होते. त्या हायसे वाटण्याची लाज मला त्या रात्री वाटली.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की प्रत्येक कारकून प्रत्येक प्रकरण मुळापासून तपासू लागला तर राज्यकारभार चालावयाचा कसा? आक्षेप खोटा नाही. मागच्यावर विश्वास ठेवल्याविना कोणतेही सामायिक काम होत नाही. मी देखील ज्या पट्टीने मोजतो ती दुसऱ्याने केलेली आहे. परंतु विश्वास आणि आडोसा यांत भेद आहे. मागच्याने केलेले काम हाताशी असलेल्या मूळ आधाराशी पडताळून पाहणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. उलट, ते न पाहता त्याच्या नावामागे उभे राहणे म्हणजे त्याच्या विश्वासार्हतेचा आपल्या आळसासाठी उपयोग करणे होय. जबाबदारी सहा जणांत वाटली म्हणजे प्रत्येकाकडे तिचा सहावा भाग येतो, असे आपण समजतो. वस्तुतः ती अशी वाटली जात नाही. ती प्रत्येकाकडे संपूर्णच येते, किंवा मग कोणाकडेच येत नाही.

हाताने घडविलेल्या वस्तूत नैतिक असे जे काही आहे ते मला येथे दिसते. लाकडाला मागील पृष्ठ नसते. तेथे चुकीला पत्ता असतो, आणि तो आपल्याच घराचा असतो. म्हणून गिटार करणारा माणूस फाईल हाताळणाऱ्याहून अधिक चांगला ठरतो असे नाही. त्याला सबबी कमी मिळतात, एवढेच. आपल्यासारख्या, घरदार सोडून परमुलखात सरकारच्या सेवेत असलेल्या माणसांना सबबी पुष्कळ असतात. गाव आपले नव्हे, घर आपले नव्हे, तीन वर्षांनी बदली. मग टिपणी तरी आपली कशाला मानावी?

दुसऱ्या दिवशी मी ती पट्टी मानेवरून सोडविली. शिसवीची नवी फळी आणली आणि सारे पडदे मेरूपासून मोजले. या खेपेस बारावा पडदा जुळला, आणि बाविसावाही. गिटार तशी साधारणच वाजते. मी वादक नाही. जुनी पट्टी मात्र टाकली नाही. कार्यालयातील माझ्या खणात ती आडवी ठेवली आहे, आणि 'मागील पृष्ठावरील टिपणीनुसार' असे लिहावयास हात उचलला म्हणजे खण उघडून तिच्याकडे एकवार पाहतो. कधीकधी त्यानंतर सेवापुस्तकही उघडतो. नेहमी उघडतो असे लिहिले असते तर बरे दिसले असते. पण तेही मोजमाप मेरूपासूनच झालेले बरे.