सब्र, हक आणि भरपाई

अपघातात पाय किंवा हात गमावलेल्या माणसाच्या खाटेभोवती नातेवाईक जमले की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘अल्लाहची मर्जी होती, झाले ते झाले, आता कोर्टकचेरी कशाला?’ बोलणाऱ्याची नियत वाईट नसते. त्याला धीर द्यायचा असतो. पण त्याच खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या बायकोच्या मनात दुसराच हिशेब चाललेला असतो. घरभाडे, पोरांची फी, उधारीवर आणलेली औषधे. ती बोलत नाही, कारण पैशाची गोष्ट काढली तर लोक म्हणतील, नवऱ्याच्या पायाचे पैसे करायला निघाली.

अपघाताची भरपाई मागणे हे सब्राच्या विरुद्ध आहे का, हा प्रश्न वकिलाच्या टेबलावर पोहोचण्याआधीच आपल्या घरात निकाली निघतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने. म्हणून त्याचा थोडा नीट विचार करू या.

सब्र करायचा तो संकटाबाबत. ज्याच्या हातून नुकसान झाले त्याची जबाबदारी ही वेगळी गोष्ट आहे. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या फिक्हने कधी केलेली नाही. सूरह निसाच्या 92 व्या आयतीत नजरचुकीने घडलेल्या हत्येचा विचार आहे. मारण्याचा हेतू नव्हता हे गृहीत धरूनच तिथे मृताच्या वारसांना दियत देणे बंधनकारक केले आहे. म्हणजे ‘मुद्दाम थोडेच केले?’ हा जो बचाव आपण पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात ऐकतो, त्याने गुन्ह्याची तीव्रता कमी होईल, देणे माफ होत नाही. फुकहांनी तर हिशेब अवयवापर्यंत नेला. एका जिवाची दियत शंभर उंट, एका हाताची पन्नास, प्रत्येक बोटाची दहा, दाताची पाच. तक्दीरवर ईमान असलेल्या लोकांनीच हा तक्ता मांडला होता. दाताची भरपाई मागणारा बेसब्र ठरतो, असे त्यांना वाटले नाही.

आता माफीबद्दल. त्याच आयतीत वारसांनी दियत सदका म्हणून सोडून देण्याची वाट मोकळी ठेवली आहे, आणि माफ करणाऱ्याचा दर्जा मोठा आहे याबद्दल वाद नाही. पण सदका माणूस आपल्या मालकीच्या वस्तूचा करतो. आपल्याकडे होते ते असे: अपघातानंतर दोन-तीन दिवसांत मोहल्ल्यातले चार वजनदार लोक बसतात, गाडीमालकाचा माणूस येतो, वीस-पंचवीस हजारांवर मांडवली होते आणि ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा जबाब लिहून दिला जातो. जखमी अजून शुद्धीवर नसतो. माफ कोणी केले? ज्याचा पाय गेला त्याने नाही. त्याच्या कमाईवर ज्यांची शाळा चालणार होती त्या पोरांनीही नाही. अज्ञान मुलाच्या मालमत्तेतून वली दानधर्म करू शकत नाही, हे मदरशात पहिल्या काही वर्षांत शिकवले जाते. तरी तोच वली मुलाच्या जखमेचा हक चहाच्या दोन फेऱ्यांत सोडून देतो आणि घरी येऊन सांगतो की आपण मोठे मन दाखवले.

मोठ्या मनाची आणखी एक बाजू आहे. ‘ड्रायव्हर बिचारा आपल्यासारखाच गरीब, त्याच्या पोराबाळांच्या तोंडचा घास कशाला काढायचा?’ ही भावना खरी आणि चांगली आहे. आपल्यातले कितीतरी जण रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवतात; आज जखमी असलेल्याचा भाऊ उद्या स्टिअरिंगवर असू शकतो. पण घास निघतो कोणाचा, ते तरी पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमाने रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. ड्रायव्हरचे लायसन्स नीट नसले तरी न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावते आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ही वाट पक्की केली. खरी अडचण विमाच नसलेल्या गाडीची. तिथे भार सरळ मालकावर पडतो. मालक खरोखरच कफल्लक असेल तर माफीचा विचार करायला जागा आहे. पण तोही जखमीने करावा, त्याच्या चुलत्याने नव्हे.

‘पण विमाच हराम, मग त्याचे पैसे कसे घ्यायचे?’ असे विचारणारे भेटतात. विमा काढण्याबद्दल उलेमांत मतभेद आहेत, आणि ते मिटवण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच लक्षात आणून देतो की जखमीने विमा काढलेला नसतो. त्याचे देणे गाडीवाल्याकडे आहे, आणि कायद्याने ते कुठल्या थैलीतून फेडायचे ते ठरवले आहे. नजरचुकीच्या हत्येची दियत जुन्या काळीही एकट्या गुन्हेगाराच्या खिशातून जात नसे. त्याची ‘आकिला’, म्हणजे त्याचे कुळ, त्याची टोळी मिळून ती देई. चुकून घडलेल्या गोष्टीने एक माणूस कायमचा बुडू नये आणि दुसऱ्याचा हकही बुडू नये, अशी ती तजवीज होती. आता कुळे राहिली नाहीत. एकाच रस्त्यावर गाड्या हाकणारे, एकमेकांना न ओळखणारे लाखो लोक दरवर्षी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी भरतात. विसाव्या शतकातल्या काही मुस्लिम कायदेपंडितांनी विम्याचा विचार करताना आकिलाचा दाखला दिला तो उगाच नाही.

इथवर गोष्ट सोपी होती. अवघड प्रश्न पुढे आहे: किती द्यायचे?

दियतच्या तक्त्यात करंगळी आणि तर्जनी यांत फरक नाही. सरदाराचे बोट दहा उंट, हमालाचे बोटही दहा उंट. आपल्या देशातल्या कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यानेही अवयवाचा तक्ता मांडला होता, पण तिथे अंगठा गेला तर कमाईची 30 टक्के हानी, तर्जनी गेली तर 14, करंगळी 7. हा तक्ता विचारतो की बोटाने काम किती होत होते. मोटार अपघाताचे न्यायाधिकरण याच्याही पुढे जाते. एक हिशेब करून पाहू. तीस वर्षांचा गॅरेजमधला कारागीर, महिना 12 हजार कमाई. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले की 16,800, वर्षाचे 2,01,600. कमाईची ताकद 40 टक्के गेली असे ठरले तर वर्षाचे नुकसान 80,640. त्याच्या वयाला सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ठरवलेला गुणक 17. एकूण 13,70,880 रुपये. दवाखाना, वेदना वगैरेंची रक्कम वेगळी. आता त्याच वयाचा, पक्क्या नोकरीतला, 60 हजार पगाराचा अधिकारी घ्या. त्याला वाढीचे 50 टक्के धरतात. हानी तेवढीच मानली तर आकडा 73,44,000. पाय सारखाच, रस्ता तोच, कदाचित धडक देणारी गाडीही तीच.

मन पहिल्या क्षणी दियतकडे झुकते. माणूस म्हणून सर्वांचा पाय सारखा, ही किती सरळ गोष्ट! पण थांबून पाहिले तर कायद्याच्या पद्धतीतही एक न्याय आहे, आणि तो गरिबाच्या कामी येऊ शकतो. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात तुटलेल्या माणसाचे उदाहरण दिले आहे. तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण संपली. सरकारी कचेरीत कारकून असेल तर कदाचित नोकरीही जाणार नाही. डॉक्टरच्या दाखल्यावरचे टक्के आणि पोटाला बसलेले टक्के वेगळे. कष्टकऱ्याचे शरीर हेच त्याचे भांडवल असते, हे इथे कायद्याने ओळखले आहे. सर्वांना एकच दर लावणाऱ्या तक्त्याला ते ओळखता येत नाही.

2014 मधला एक निकाल तर आपल्यातल्या प्रत्येक हातगाडीवाल्याला वाचून दाखवावा असा आहे. कर्नाटकातल्या एका तरुण मुस्लिम भाजीविक्रेत्याचा पाय कापावा लागला. भाजी तर बसून विकता येते, मग एवढे नुकसान कसले, हा विचार खालच्या टप्प्यांवर आडवा आला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाजी विकणे म्हणजे नुसते बसणे नव्हे. पहाटे ठोक बाजारात जावे लागते, माल उचलावा लागतो, गाडी ढकलत गल्लोगल्ली फिरावे लागते. न्यायालयाने कमाईची हानी 85 टक्के धरली, आणि पगाराचा कागद नाही म्हणून त्याची कमाई नाकारली नाही.

हा कागदाचा मुद्दा आपल्यासाठी फार मोठा आहे. मुसलमानांत नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीने 2006 मध्ये आकड्यांनिशी दाखवले. वेल्डिंगवाला, बेकरीवाला, भंगारवाला, यंत्रमागावरचा मजूर यांच्यापाशी पगारपत्रक कुठून येणार? मग न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते, आणि अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतो. जो अधिकारी आधीच सुरक्षित आहे त्याचा पै न पै सिद्ध होतो. ज्याचे सगळे उघड्यावर आहे त्याच्या कष्टावर शंका घेतली जाते. गुणाकाराची रीत मी समजू शकतो. अन्याय होतो तो त्या पहिल्या आकड्यात. गुणाकार सुरू होण्याआधी माणसाच्या श्रमाला जो दर लावला जातो तो समाजाचा जुनाच दर असतो, आणि न्यायाधिकरण तो फक्त टिपून घेते. जुन्या फुकहांनाही हा पेच चुकला नव्हता. तक्त्यात न बसणारी जखम आली की ते कल्पना करत, हा माणूस गुलाम असता तर जखमेआधी बाजारात काय किंमत आली असती आणि आता काय येईल. फरक जेवढा, तेवढा हिस्सा भरपाई. वाचताना अंगावर काटा येतो. मात्र आपल्या 80,640 च्या आकड्यातही बाजारच बोलतो आहे.

स्त्रीच्या बाबतीत दोन्ही परंपरांना बरेच उत्तर द्यावे लागेल. चारही सुन्नी मजहबांच्या जुन्या ग्रंथांत स्त्रीच्या जिवाची दियत पुरुषाच्या निम्मी आहे. आयतीत असा फरक नाही, आणि अल-अजहरचे शेख महमूद शल्तूत यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकात बरोबरीची बाजू मांडली. आपला मोटार कायदाही फार पुढे नव्हता. त्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावत्या बायकोची किंमत नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरली होती. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत टीका केली. 2021 च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी 2011 च्या जनगणनेचा हवाला दिला: घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या स्त्रिया जवळजवळ 16 कोटी, पुरुष 58 लाखांच्या आत. चूल, मुले, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, शेळीकोंबडी हे सारे काम आहे, हे न्यायालयाने मानले. आपल्या घरात मात्र बाईचा हात मोडला तर क्लेम करायचे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ‘ती कुठे कमावते?’

एका दुखऱ्या गोष्टीवर बोलणे भाग आहे. पडला स्वतःच्या मोटारसायकलवरून, आणि कागदावर धडक दिली कुणा ओळखीच्याच्या टेम्पोने; टक्के वाढवून आणलेला दाखला; न पाहिलेल्या अपघाताचा साक्षीदार. एजंट हे सुचवतो आणि वर म्हणतो, विमा कंपनीचा पैसा म्हणजे कुणाचाच नाही. तो सगळ्यांचा असतो. शिवाय अशा प्रत्येक खोट्या दाव्याने खऱ्या जखमीकडे संशयाने पाहण्याची सवय लागते, आणि त्या संशयाचा पहिला मार बसतो ज्याच्यापाशी कागद नाही त्याला. खोटी शपथ घेणाऱ्याने निदान अल्लाहचे नाव तरी मध्ये आणू नये.

सब्राच्या नावाखाली वेळ दवडण्याची सोय आता राहिलेली नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत दावा करण्याची अट आणली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असेही नाही. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळाला नाही, तरी गंभीर जखमीला 50 हजार आणि मृताच्या वारसांना 2 लाख देणारी तरतूद आहे. आणि 2025 च्या योजनेने अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची सोय केली आहे. ही माहिती जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांत सांगता येईल. कुणी सांगत नाही.

शेवटी व्याजाचे. दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात आणि न्यायाधिकरण दाव्याच्या तारखेपासून सरळ व्याज देते. दीनदार माणूस इथे अडखळतो. बँकेचे व्याज सवाबाची नियत न ठेवता गरजूला द्यावे असा फतवा आपण ऐकलेला असतो. तोच तो इथे लावतो आणि व्याजाची रक्कम बाजूला काढतो. मला हे एकसारखे वाटत नाही. इथे जखमीने कुणाला कर्ज दिले नव्हते, नफ्याचा सौदा केला नव्हता. त्याचे देणे वर्षानुवर्षे अडकून राहिले, आणि तेवढ्या काळात तांदूळ, औषध, कृत्रिम पाय सगळे महागले. उशिराने झालेले नुकसान भरून काढणाऱ्या रकमेला कायद्याने व्याज हे नाव दिले, म्हणून ती रिबा होते का, यावर आपल्या मुफ्तींनी नीट बसून बोलावे. त्यांच्यासमोर प्रश्न मांडताना त्या माणसाची कुबडीही शेजारी ठेवावी. तोवर निदान एवढे व्हावे की तो स्वतःच त्या शहरातला सर्वांत गरजू माणूस असू शकतो, हे त्याला कुणीतरी सांगावे.