सॉरी म्हटल्याने काय होते?

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एक मावशी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागल्या. वय 71, जन्म इंदूरचा. मुलगा अमेरिकेत, सून तेलुगू, त्यामुळे त्या घरातले बोलणे इंग्रजीतच. नातीला मराठी चार शब्दांपलीकडे येत नाही. तिकडे काही महिने राहायचे, तर रोजच्या व्यवहारापुरते बोलता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

माझ्या लहानपणी इंग्रजी शिकणे म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. त्या वाटेने मावशींना नेण्यात अर्थ नव्हता. म्हणून ‘प्लीज’, ‘थँक्यू’, ‘सॉरी’ हे सर्वांत सोपे शब्द मी आधी घेतले. तेच सर्वांत अवघड निघाले.

“सुनेने चहा दिला तर थँक्यू म्हणायचे?”

“म्हणायचे.”

“मग ती मला परकीच समजेल हो मास्तर! घरच्या माणसाचे कधी कोणी आभार मानते का?”

मावशींचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. मराठीत विनंतीला वेगळा शब्द लागत नाही; ‘देता का’, ‘दे ना’, ‘तेवढे द्या बरे’ यांत ती क्रियापदातच मिसळलेली असते. चहाचे आभार ‘अजून अर्धा कप टाक’ या वाक्यात असतात. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मग हे बाहेरून आणलेले शब्द पोकळच, असे म्हणण्याचा मोह होतो. अशी भाषणे मंडळाच्या व्यासपीठावर मी ऐकली आहेत, एक केलेही आहे.

पण ते तितके खरे नाही. इंग्रजीतील ‘थँक’ हा ‘थिंक’चा सख्खा नातलग, मूळ भाव, मी तुझी आठवण मनात ठेवीन, असा काहीसा. ‘गुडबाय’ म्हणजे देव तुझ्यासोबत असो, या वाक्याचे झिजलेले रूप. आणि आपण ज्याला आपले समजतो त्या ‘माफ करा’मधला ‘माफ’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला. तेव्हा शब्द उसना आहे, हा काही त्याचा दोष नव्हे.

माझी अडचण वेगळी आहे. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, कृती करतात. वचन देणे, क्षमा मागणे या बोलण्यातूनच घडणाऱ्या कृती आहेत. आता ‘सॉरी’ पाहा. तो शब्द ‘सोअर’च्या म्हणजे दुखऱ्या जागेच्या कुळातला; तो बोलणाऱ्याच्या मनाची स्थिती सांगतो. ‘माझे चुकले’ हे वाक्य कृत्यावर बोट ठेवते. ‘क्षमा कर’ समोरच्याकडे काही मागते आणि नाही म्हणण्याची मोकळीक त्याला देते. इंग्रज माणूस आपल्या भाषेत ‘सॉरी’ म्हणतो तेव्हा हे सारे त्यात असूही शकते. प्रश्न आपल्या तोंडातल्या ‘सॉरी’चा आहे.

वडिलांच्या शेवटच्या आजारात, 1998 मध्ये, मी नोकरीनिमित्त भोपाळला होतो. रजा मिळाली असती. मी मागितली नाही. सगळे दादाने एकट्याने केले. तेराव्यानंतर मी म्हणालो, “सॉरी दादा, जमलेच नाही.” तो म्हणाला, “असू दे.” वाक्य किती सहज गेले! ‘दादा, माझे चुकले’ असे म्हणावे लागले असते, तर त्याला ‘जमलेच नाही’ हे शेपूट जोडता आले नसते. मी इंग्रजी शब्द निवडला, कारण तो मला लागत नव्हता.

2014 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. पाच जणांचे प्राण वाचविण्यासाठी एका माणसाला पुलावरून ढकलावे का, हा पेच लोकांपुढे ठेवला होता. मातृभाषेपेक्षा परक्या भाषेत प्रश्न वाचणाऱ्यांत ‘ढकलावे’ म्हणणारे अधिक निघाले. परकी भाषा भावनेपासून अंतर निर्माण करते, असा त्यांचा तर्क आहे. मला तो माझ्या अनुभवाने पटतो.

तरी या अंतराचा लाभही आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या पिढीच्या वडिलांनी मुलापुढे ‘चुकलो’ म्हटलेले मला आठवत नाही. माझ्या वडिलांनी तर एकदाही नाही. आज माझा पुतण्या आपल्या मुलाला विनासायास ‘सॉरी बेटा’ म्हणतो आणि मुलगा खुलतो. मराठीत जे बोललेच जात नव्हते, ते निदान बोलले जाऊ लागले. मौनापेक्षा हलका शब्द बरा, की हलक्या शब्दाने जड शब्दाची वाटच बंद होते? पुतण्याकडे पाहून मला एक वाटते, स्वतःकडे पाहून दुसरे.

मावशी मे महिन्यात गेल्या. पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला. सुनेशी खटका उडाला होता. नातीच्या जेवणावरून मावशी काही बोलून गेल्या होत्या.

“सॉरी म्हणालात ना?”

“ते म्हणून झाले हो. माझे चुकले, याला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगा.”

“आय वॉज राँग,” मी म्हणालो.

त्यांनी ते देवनागरीत लिहून घेतले आणि मला तीनदा म्हणून दाखवले.