भिंतीवरची सरस्वती

दसऱ्याच्या सकाळी पाटी धुऊन तिच्यावर एक या आकड्याच्या रेघांनी सरस्वती काढायची, तिला हळदकुंकू आणि फूल वाहायचे व त्या दिवशी पुस्तकाला हात लावायचा नाही, हा परिपाठ धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतून अद्याप पुरता मोडलेला नाही. पाट्या गेल्या, वह्या आल्या; एखाद्या घरी आता संगणकालाही झेंडूचे फूल मिळते. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आमच्या वाडवडिलांच्या पिढ्यांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या, ही आकड्यांची देवी सोडली नाही. ती आम्हांला इतकी घरची वाटते की तिला कोणी 'धार्मिक चिन्ह' म्हटले तर आम्ही दचकतो. विद्येची देवता ती; तिच्यात धर्माचा प्रश्न कोठून आला?

आम्ही काही वर्षे गंधवानी तहसिलीतील एका शासकीय शाळेत शिकवीत होतो. मुले बहुतेक भिल्ल आणि भिलाला समाजाची. वसंतपंचमीला टेबलावर पिवळे वस्त्र अंथरून तसबीर मांडली जाई आणि मुले रांगेने येऊन फूल वाहत. एका वर्षी चौथीतील एक मुलगा फूल हातात धरून तसाच उभा राहिला. आम्ही विचारले, "ही कोण, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला, "हो, सरांची देवी." आम्ही हसलो, त्याच्या मागे जाऊन त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि जोडून दिले. त्यात रागाचा लवलेश नव्हता. म्हणूनच की काय, ती गोष्ट आज अधिक टोचते. त्याच्या फळियातला बाबदेव कोठे आहे, त्याला काय वाहतात, हे आम्ही त्या सर्व वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

शाळेतील धर्मचिन्हांविषयी अलीकडे जे वाद ऐकू येतात, त्यांत आमचे मन सारखे त्या मुलाकडे जाते. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. सर्वस्वी शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, ही पहिली. शासनमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल, ही दुसरी. पहिल्या गोष्टीतून निसटण्याची वाट सर्वांना सापडली आहे: आम्ही धर्म शिकवीत नाही, संस्कृती शिकवतो. आपल्याच राज्यात २००७ च्या जानेवारीत शाळाशाळांतून सूर्यनमस्काराचा कार्यक्रम ठरला, तेव्हा तो व्यायाम आहे असे सांगितले गेले; उच्च न्यायालयाला तो ऐच्छिक ठेवा असे सांगावे लागले. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेविरुद्ध जबलपूरच्या एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ते श्लोक सार्वत्रिक सत्य सांगतात की धर्म, हा प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. श्लोकाचा अर्थ सार्वत्रिक असेलही. पण डोळे मिटून हात जोडायला सांगितले जाते, तेव्हा त्या मुलाकडून केवळ अर्थाला मान्यता घेतली जात नसते.

नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात न जोडता उभे राहत. एवढ्यावरून त्यांना वरची वेतनश्रेणी नाकारण्यात आली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती घटनेला धरून नाही असा निर्णय दिला. त्यापूर्वी, १९८६ मध्ये, केरळातील तीन भावंडांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलेल्या त्या मुलांना न्यायालयाने परत शाळेत घ्यायला लावले. शिक्षक न्यायालयात जाऊ शकला, केरळातल्या मुलांचे वडीलही. गंधवानीचा चौथीतला मुलगा कोठे जाणार होता? आणि जाण्याजोगे काही घडले, असे तरी त्याला कोण सांगणार होते?

हे दुःख आपल्या लोकांना अपरिचित नव्हते, फक्त आपण ते विसरलो. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी आपली मुले तेथून भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने तो मुलगा वडिलांच्या हवाली केला, पण ब्राह्मण ज्ञातीत त्याला परत घेण्यावरून मोठा गदारोळ झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली आणि त्यासाठी पुष्कळ सोसले. त्या काळी मुंबई-पुण्याच्या पालकांना इंग्रजी विद्या हवी होती, बायबलचा तास नको होता. मिशनरी मात्र प्रामाणिकपणे समजत की आपण देतो तो धर्म नव्हेच, ते सत्य आहे आणि सर्वांसाठी आहे. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात सरकारी शाळांतील शिक्षण केवळ ऐहिक असावे असे म्हटले होते. ते वाचून ज्यांना हायसे वाटले असेल, त्यांत आमच्या तुमच्या पणजोबांची पिढी होती.

आता मूल जे अंगावर घेऊन येते त्याविषयी. गळ्यातला ताईत, कपाळाचे गंध, डोक्यावरचा रुमाल, शिखांची पगडी ही त्या त्या घराची खूण असते. भिंतीवरची तसबीर ही शाळेची, म्हणजे शासनाची खूण असते. फ्रान्सने २००४ च्या कायद्याने ठळक दिसणारी सर्व धर्मचिन्हे मुलांच्या अंगावरूनही उतरवली. पण तेथील सरकारी शाळांच्या भिंती त्याआधीच कोऱ्या झाल्या होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडे गाडे उलट चालते. भिंतीवर असते ती संस्कृती ठरते आणि मुलीच्या डोक्यावर असतो तो धर्म. कर्नाटकातील हिजाबच्या प्रकरणात २०२२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी वगैरेंना बंदी केली, तेव्हा २०२४ च्या ऑगस्टात त्याच न्यायालयाने त्या बंदीला बऱ्याच अंशी स्थगिती दिली आणि विचारले की टिळा आणि टिकली यांनाही बंदी करणार काय. गणवेशाचे महत्त्व आम्ही शिक्षक म्हणून जाणतो. गरीब आणि श्रीमंत मूल एका रांगेत बसावे म्हणून तो असतो. रुमालाने ती रांग मोडते असे आम्हांला वाटत नाही. मुलीवर घरून सक्ती होत असेल तर काय, हा प्रश्न खरा आहे. पण तिला शाळेच्या दारातून परत पाठविले तर ती त्याच घरी जाते.

भिंतीवर मग काय असावे? महाराष्ट्रात २०२२ मध्ये छगन भुजबळांनी शाळांत सरस्वतीऐवजी फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांच्या तसबिरी लावाव्यात असे म्हटले आणि मोठा वाद झाला. राजस्थानात बारां जिल्ह्यातील एका शिक्षिकेने २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी सरस्वतीची तसबीर मांडण्यास नकार दिला, तेव्हा तिला निलंबित केले गेले. सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींना प्रत्यक्ष शिकविले. त्यांची तसबीर शाळेत असण्याला इतिहासाचा आधार आहे. मात्र त्यांनाही उदबत्ती ओवाळून हात जोडण्याची आज्ञा झाली, तर आमच्या मते काही बदलले नाही.

धारच्या वाचकांना सरस्वती म्हटले की भोजशाळा आठवणार. त्या वास्तूच्या वादाची येथे चर्चा करण्याचे कारण नाही. पण 'ओनामा' हा आपला शब्दच पाहा. तो 'ॐ नमः सिद्धम्' यावरून आला आणि ते नमन जैन परंपरेशी जोडलेले. ब्राह्मणांच्या मुलांनीही शतकानुशतके त्यानेच अक्षरे गिरवायला आरंभ केला आणि कोणाचा धर्म बुडाला नाही. यावरून कोणी म्हणेल की मग भिल्ल मुलाने सरस्वतीला नमस्कार केला तर काय बिघडले? उत्तर देणे आम्हांला सोपे जात नाही. एवढेच म्हणता येईल की बाबदेवाचे नाव घेऊन अक्षर गिरवायला आमच्या मुलांना कोणी कधी सांगितले नाही. सांगितले असते तर आम्ही कोणता चेहरा केला असता, ते आम्हांला चांगले ठाऊक आहे.

शासकीय शाळा काय करील ते आमच्या हाती नाही. परंतु आमच्या समाजाच्या मंडळींनी चालविलेल्या शाळा या भागात आहेत, त्यांना शासनाची मान्यता आहे आणि तेथे रोज प्रार्थना होते, गणपतीत आरती होते. ती बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. प्रवेशाच्या अर्जात आपण मातृभाषा विचारतो, जात विचारतो, वडिलांचा व्यवसाय विचारतो. प्रार्थनेस पालकाची संमती आहे किंवा नाही, हा रकाना आम्ही पाहिलेल्या एकाही अर्जात नाही. पुढच्या वर्षीचे अर्ज छापायला जाण्यापूर्वी तो घालता येईल. आणि ज्याच्या रकान्यात 'नाही' असेल, त्या मुलाने त्या दहा मिनिटांत कोठे उभे राहायचे, हेही तेव्हाच ठरवावे लागेल.