धक्क्यानंतरची धडधड

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या तालुक्यांतल्या बऱ्याच गावांना जमिनीतून येणारा आवाज नवा नाही. त्यांतल्या पांगरा शिंदे गावाचं नाव तर बहुधा त्यापायीच पेपरात येतं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, पाठोपाठ दुसरा, थोडा हलका. १० जुलैला पुन्हा ४.५. जीवितहानी नाही, म्हणून बातमीही तिथेच संपली.

किल्लारीच्या भूकंपाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गिळली. ती पहाट ज्यांच्या कानावर आहे, त्यांना साडेचार हा लहान आकडा वाटत नाही. तरी सगळ्यांचीच झोप उडत नाही. एकाच आळीतले चौघे दुसऱ्या दिवशी हळदीच्या कामाला लागतात आणि पाचवीला सहा महिन्यांनीही रात्री दाराला कडी लावू देववत नाही. असं का होतं?

या पाचवीची रात्र डोळ्यांसमोर आणा. चपला उंबऱ्याशी, लेकरं अंगणात, हातात बॅटरी. पत्र्यावरचे दगड तिने उतरवून घेतले, ते शहाणपणच. मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने तसं आवाहनच केलं होतं. पण दगड एकदा उतरवले की काम संपतं. जागं राहण्याचं काम संपत नाही. ट्रॅक्टर गेला तरी ती उठून बसते. पहाट होते, काहीच घडलेलं नसतं, आणि मन हिशोब मांडतं: जागी होते म्हणून वाचलो. झोपूनही वाचलो असतो, हे कळायची संधीच ती स्वतःला देत नाही. भीती टिकवून धरणारं सगळ्यात बळकट कारण मला हेच वाटतं.

मग धडधडीचीच भीती बसते. छातीत धडधडलं की अटॅक आला वाटतं, अटॅक वाटला की आणखी धडधडतं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल येतो, एक सलाईन लागतं, आठवडाभर बरं जातं. घरचे म्हणतात, ‘तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नको.’ ती गप्प होते, त्रास तसाच राहतो. आणि असं वर्ष-दोन वर्षं चाललं की भीतीच्या जोडीला उदासी येते.

आधीचंही बरंच साचलेलं असतं. सोसायटीचं थकलेलं कर्ज, बेभरवशाचा पाऊस, ऊसतोडीला गेलेला नवरा, घरातली दारू, लहानपणी सोसलेलं काही. स्वभावाचा भित्रेपणा थोडाफार रक्तातूनही येतो. कधी थायरॉइड किंवा रक्त कमी असणं असलीच लक्षणं दाखवतं, तेव्हा ते आधी तपासलेलं बरं. यातलं एकच कारण धरून बसणारा, मग तो डॉक्टर असो की देवऋषी, हमखास चुकतो.

मात्र तिची भीती खोटी ठरवायची घाई नको. जमीन खरोखर वाजते. किल्लारीत माणसं मेली ती बहुतांशी दगडमातीच्या जड भिंती नि माळवदं अंगावर पडून. तेव्हा इथला निम्मा उपाय इंजिनिअरच्या हातात आहे; उरलेला निम्मा मानसोपचाराचा. त्यात गरजेप्रमाणे औषध असतं, आणि टाळलेल्या गोष्टींकडे हळूहळू परत नेणं असतं: आज तासभर घरात, उद्या कडी लावून. मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळी यात बसत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या आजारांचे ८५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण उपचाराबाहेर आढळले. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, आशाताई घरोघर गेल्या. पण घरातल्या बाईच्या झोपेची चौकशी घरच्यांनीच करायला हवी. ईसीजी नॉर्मल आला म्हणून कागद फाइलला लावून मोकळे होऊ नका. तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तेवढंही लगेच जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर लावून द्या. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं.